बाटल्या पुन्हा फुगल्या: आंबवलेल्या दुग्धपेयातला परत परत येणारा बिघाड कसा शोधायचा

पहिल्यांदा बाटल्या फुगतात तेव्हा सगळे धावतात. लाइन थांबते, टाक्या धुतल्या जातात, कॉस्टिक (धुण्याचं कॉस्टिक सोड्याचं द्रावण) नेहमीपेक्षा दीडपट जातं. पुढच्या काही बॅच ठणठणीत निघतात आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. मग तीन आठवड्यांनी कोणीतरी शीतगृहातून एक बाटली हातात धरून येतो. झाकण वर आलेलं, तळ गोल झालेला, टेबलावर ठेवली तर डुगडुगते. हे लिखाण त्या दुसऱ्या वेळेसाठी आहे.

माझी बरीच वर्षं आधी प्लांटच्या प्रयोगशाळेत आणि मग उत्पादनात गेली. त्यातून एक समज पक्का झाला. बिघाड एकदाच आला तर तो कुठूनही आलेला असू शकतो: विरजण घालताना कोणाचा तरी हात लागला, एखादी खराब झाकणांची पेटी आली, काहीही. पण ठरावीक अंतराने परत येत असेल तर जंतू लाइनमध्येच कुठेतरी मुक्काम ठोकून बसलाय असं धरून चालावं. तो कुठे बसलाय हे सापडेपर्यंत कॉस्टिक वाढवण्याने फक्त पुढची तारीख लांबते.

आधी बाटलीकडे नीट बघा

फुगलेली बाटली लगेच उघडू नका. आधी दोन-तीन तास बर्फाच्या पाण्यात ठेवा. कार्बन डायऑक्साइड गार द्रवात जास्त विरघळतो. पाच अंशाला जेवढा मावतो त्याच्या साधारण निम्माच पंचवीस अंशाला मावतो. गार केल्यावर दाब उतरतो आणि पेय छतावर उडत नाही. बाटली काचेची असेल तर वर जाड फडकं टाका आणि चष्मा घाला. शीतगृहात ठीक दिसणारी बाटली दुकानाच्या फळीवर तासाभरात का फुगते, याचं उत्तरही यातच आहे. बिघाड आधीपासून होता, उबेने तो फक्त दाखवला. चव घेऊ नका. ही सूचना वेडगळ वाटेल, पण ‘बघू जरा’ म्हणून घोट घेणारे मी पाहिलेत.

उघडताना वास घ्या. पावाच्या भिजवलेल्या पिठासारखा, मद्यासारखा किंवा जास्त पिकलेल्या फळासारखा वास असेल तर यीस्ट. कुबट, गोठ्यासारखा वास आणि सोबत वायू असेल तर कोलीफॉर्म (अस्वच्छतेची खूण मानले जाणारे जिवाणू). वायू नाही, वासही स्वच्छ, फक्त जीभ आंबेल इतकं आंबट, असं असेल तर तो बहुधा संसर्ग नाहीच. त्याबद्दल खाली लिहितो. आणि रॉकेलसारखा वास आला तर चकित होऊ नका. काही बुरश्या, विशेषतः पेनिसिलियमच्या जातीतल्या, सॉर्बिक आम्लाचं विघटन करून १,३-पेंटाडाइन नावाचा पदार्थ तयार करतात, त्याचा तो वास. म्हणजे ज्या परिरक्षकाने बुरशी थांबवायची, तेच तिने पचवलं. असा वास आला की कोणीतरी डिझेलच्या गाडीवर संशय घेतो आणि दोन दिवस वाया जातात.

मग पीएच (आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) मोजा आणि त्याच कोडच्या, न फुगलेल्या बाटलीशी ताडून बघा. यीस्टने फुगलेल्या बाटलीचा पीएच बहुतेकदा नेहमीसारखाच असतो, ४.२ ते ४.४ च्या आसपास, कारण यीस्ट प्रामुख्याने अल्कोहोल आणि वायू तयार करतं. पीएच नेहमीपेक्षा वर गेलेला दिसला तर लॅक्टिक आम्ल खाणारं काहीतरी आहे: डेबॅरोमायसेस नावाचं यीस्ट, जिओट्रिकम ही यीस्टसारखी बुरशी किंवा दुसरी एखादी बुरशी. त्यांना हवा लागते, म्हणून तसं असेल तर बाटलीत हवा शिरत असल्याची शक्यता तपासा.

यानंतर पाच मिनिटांचं एक काम आहे, जे जवळजवळ कोणी करत नाही. काचपट्टीवर एक थेंब, त्यात मिथिलीन ब्लूचा कण, वर आच्छादन आणि चाळीसचं भिंग. विरजणातले जिवाणू म्हणजे बारीक ठिपक्यांच्या माळा आणि काड्या, जाडी साधारण एक मायक्रॉन. त्या गर्दीत पाच ते दहा मायक्रॉनचं एखादं अंडाकृती धूड दिसतं आणि त्याच्या कडेला छोटी कळी फुटलेली असते. ती कळी दिसली की पाच दिवस प्लेटची (जंतू वाढवून मोजण्याच्या तबकडीची) वाट न बघता शोध सुरू करता येतो. प्लेट तर लावायचीच, पण तोपर्यंत हात बांधून बसायचं कारण उरत नाही.

यीस्टच का?

आंबवलेल्या पेयात बहुतेक जिवाणूंचा टिकाव लागत नाही. विरजण पीएच ४.६ च्या खाली नेतं आणि बाकीच्यांचं दार बंद होतं. यीस्टला मात्र ते आम्ल मानवतं, थंडीही चालते आणि साखर तर भरपूर असते. त्यामुळे इथे भरल्यानंतरच्या बिघाडात पहिला संशय यीस्टवरच घ्यावा.

पेयासाठीचं दूध ८५ अंशाला अर्धा तास किंवा ९० ते ९५ अंशाला पाच मिनिटं तापवलं जातं. यीस्टच्या पेशी त्याच्या कितीतरी आधी मरतात. म्हणून बाटलीत यीस्ट सापडलं की पाश्चरायझरच्या तापमानाचे आलेख उकरत बसू नका. ते तापवण्याच्या नंतरच्या टप्प्यातच आत शिरलं आहे. याला अपवाद एकच आणि तो महत्त्वाचा: पाश्चरायझरच्या धातूच्या प्लेटमध्ये पडलेलं सुईएवढं छिद्र. उष्णता वाचवण्याच्या भागात एका बाजूला कच्चं दूध आणि दुसऱ्या बाजूला तापवलेलं दूध असतं. तापवलेल्या बाजूचा दाब जास्त नसेल तर छिद्रातून कच्चं दूध पलीकडे जातं. थंड करणाऱ्या भागात तेच गार पाण्याच्या बाबतीत होतं, आणि ते गार पाणी शेवटचं कधी तपासलं हे विचारलं तर सहसा शांतता पसरते.

यीस्ट कोणतं आहे यावरून दिशा मिळते. क्लुव्हेरोमायसेस मार्क्सियानस लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, खातं, त्याला दूध पुरतं. सॅकरोमायसेस सेरेव्हिसी लॅक्टोज खाऊ शकत नाही. त्याला वरून घातलेली साखर किंवा फळांचा गर लागतो. म्हणून प्रयोगशाळेत जात ओळखण्याची सोय नसेल तरी एक साधा प्रश्न विचारा: बिनसाखरेचं पेयही फुगतंय, की फक्त गोड आणि फळांचं? फक्त गोड फुगत असेल तर पाक, गर आणि ते टाकण्याचा मार्ग आधी बघा. दोन्ही फुगत असतील तर मुक्काम दुधाच्या मुख्य लाइनमध्ये आहे. यात एक खोच आहे. विरजणातला स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस हा जिवाणू लॅक्टोज फोडून त्यातलं ग्लुकोज स्वतः वापरतो आणि गॅलॅक्टोज बाहेर टाकतो. ते गॅलॅक्टोज सॅकरोमायसेसला चालतं. त्यामुळे बिनसाखरेची बाटली हळू आणि थोडी फुगली तर या निष्कर्षावर फार भार टाकू नका.

त्याच लाइनवर केफिर नावाचं आंबवलेलं दूधही भरत असाल तर आधी तिकडे बघा. केफिरमध्ये यीस्ट हा घरचा माणूस आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-संहितेच्या मानकात ते ग्रॅममागे किमान दहा हजार असावं अशी अट आहे. तेच यीस्ट पुढच्या पेयात गेलं की घुसखोर ठरतं. दोन उत्पादनांमध्ये नुसतं पाणी मारून लाइन बदलण्याची पद्धत असेल तर मी आणखी काही शोधायच्या आधी ती बंद करीन.

दिवस मोजा

बाटली फुगल्याचा दिवस हाच एक पुरावा आहे. साधारणपणे ग्रॅममागे यीस्ट दहा लाखांच्या आसपास गेलं की वायू डोळ्यांना दिसू लागतो. आता धरून चाला की चांगल्या थंडीत यीस्ट दिवसाला एकदा दुप्पट होतंय. भरताना ग्रॅममागे एकच पेशी असेल तर दहा लाखांवर पोहोचायला वीस दुप्पटी, म्हणजे वीस दिवस. दोनशे ग्रॅमच्या अख्ख्या बाटलीत एकच पेशी असेल तर अठ्ठावीस दिवस. तोवर मुदत संपून गेलेली असते. बाटली बाराव्या दिवशी फुगली तर? बारा दुप्पटी म्हणजे ४०९६ पट. दहा लाखांना त्याने भागलं की सुरुवातीचा आकडा ग्रॅममागे अडीचशेच्या आसपास येतो.

एवढं यीस्ट हवेतल्या धुळीतून येत नाही. ग्रॅममागे अडीचशे म्हणजे कुठेतरी वाढून, साचून, धुऊन बाटलीत उतरलेलं. किंवा मग थंडी तुटली आहे आणि दुप्पट होण्याचा वेळ निम्म्यावर आलाय. या दोनांतलं नेमकं कोणतं, हे ठरवायला प्रत्येक बॅचच्या काही बाटल्या स्वतःच्या, खात्रीच्या चार-पाच अंशांच्या कपाटात ठेवाव्यात. बाजारात फुगली आणि कपाटातली ठीक आहे, तर वाहतूक आणि साठवण बघा. कपाटातलीही त्याच दिवशी फुगली, तर वितरकाशी भांडण्यात अर्थ नाही, घर आपलंच जळतंय.

दुप्पट होण्याचा वेळ जातीनुसार बदलतो, त्यामुळे हे गणित अचूक नाही. पण ‘मोजकी धूळ’ आणि ‘साचलेली घाण’ यांतला फरक ते नक्की सांगतं.

कोणत्या वेळच्या बाटल्या?

फुगलेल्या बाटल्यांवरचे वेळेचे कोड एका कागदावर उतरवून काढा. सुरुवातीच्या दहा-वीस मिनिटांतल्याच फुगत असतील तर जिथे रात्रभर ओल राहते आणि सकाळच्या पहिल्या प्रवाहाबरोबर माल बाहेर येतो, असा कोपरा आहे. दिवस चढत जाईल तसं प्रमाण वाढत असेल तर लाइनमध्ये चालू असतानाच वाढ होतेय. भरण्यापूर्वीच्या साठवण टाकीत पेय किती तास आणि किती तापमानाला उभं राहतं ते बघा. चार किंवा आठ बाटल्यांच्या अंतराने एक फुगत असेल तर फिलरचं (बाटल्या भरणाऱ्या यंत्राचं) एखादं नोझल. कसलाही क्रम नसेल, इकडे एक तिकडे एक, तर झाकणं, बाटल्या किंवा हवा. आणि सरसकट सगळ्या फुगत असतील तर संसर्ग टाकीतच किंवा टाकीच्याही आधी.

आमच्याकडे पहिल्या वीस मिनिटांच्या बाटल्या होत्या. साहजिकच सगळ्यांची बोटं फिलरकडे गेली. तो तीनदा उघडला, पिस्टन बदलले, नोझलचे स्वॅब (कापसाच्या बोळ्याने पुसून नमुने) घेतले, प्लेटा कोऱ्या आल्या. चौथ्यांदा उघडायची तयारी चालली होती, तेव्हा एका जुन्या फिटरने विचारलं की कूलर आणि साठवण टाकीच्या मधलं युनियन (दोन पाइप जोडणारा नटाचा सांधा) कोणी उघडलंय का. कोणी उघडलं नव्हतं. ते बाहेरून चकचकीत होतं, गळतही नव्हतं, मग उघडणार कशाला?

त्याने नट सोडवला आणि आतलं गॅस्केट, म्हणजे सांध्यातली रबरी कडी, माझ्या हातात दिलं. दिसायला गुळगुळीत, काळंभोर. दोन्ही अंगठ्यांनी वाकवलं तशी आतल्या कडेला केसाएवढी चीर उघडली आणि चिरेत लोण्यासारखा पिवळट थर दिसला. नाकाजवळ नेला. पावाचं पीठ. त्या थराचा स्वॅब प्लेटवर ओढला आणि तिसऱ्या दिवशी पंचवीस अंशाच्या कपाटात मोजता येणार नाहीत इतक्या मलईच्या रंगाच्या कॉलनी उगवल्या होत्या.

मग तीन आठवड्यांचं कोडंही उलगडलं. लाइन चालू असताना पेय दाबाने त्या चिरेत शिरायचं. सीआयपीचं (लाइन न उघडता आतून धुण्याच्या पद्धतीचं) कॉस्टिक पाइपमधून सुसाट जायचं, पण चिरेच्या आत प्रवाह पोहोचत नाही. तिथलं यीस्ट वरून धुतलं जायचं, मुळापासून नाही. आम्ही दीडपट कॉस्टिक मारलं की बाहेरचा थर जायचा आणि ते परत वाढायला तीन आठवडे लागायचे. त्या काळात आम्ही समजायचो की आपण जिंकलो. गॅस्केट दुसऱ्या मापाचं, जरा जाड होतं आणि बसावं म्हणून कोणीतरी जोर लावून आवळलेलं. दोन रुंद टोकांमध्ये चिरडून त्याला भेग पडली होती.

अशाच बाकीच्या जागा सांगतो. दाबमापकाची टी-जोडणी, जिथे पाइपच्या पोटातून निघालेला आंधळा तुकडा असतो. त्याची लांबी व्यासाच्या दीड-दोन पटींपेक्षा जास्त असेल तर धुण्याचा प्रवाह त्याच्या टोकापर्यंत जातच नाही. पंपाचं सील. ढवळणीच्या दांड्याचं बूड. टाकीच्या झाकणाखालची ती जागा, जी स्प्रे बॉलच्या (धुताना आत फवारा मारणाऱ्या गोळ्याच्या) सावलीत येते. टॉर्च घेऊन आत मान घातल्याशिवाय दिसत नाही. नमुना घेण्याचा नळ, जो कधीकधी स्वतःच घाण असतो आणि टाकी निर्दोष असूनही खोटी साक्ष देतो. म्हणून नमुन्याआधी त्याला ज्योत किंवा वाफ दाखवा आणि पहिली धार सोडून द्या. रबरी होजपाइप, जे काम झाल्यावर जमिनीवर वेटोळं घालून पडलेले असतात.

टाकीच्या हवेच्या तोंडाकडे तर कोणी ढुंकूनही पाहत नाही. गरम धुण्यानंतर टाकी थंड होते, आतली हवा आकुंचते आणि टाकी बाहेरची हवा ओढून घेते. तिथला फिल्टर ओला, फाटका किंवा गायब असेल, आणि खाली कोणीतरी जोराच्या पाण्याने गटार धूत असेल, तर गटारातले तुषार थेट धुतलेल्या टाकीत. मी एका प्लांटमध्ये हे डोळ्यांनी पाहिलं आहे: वरच्या मजल्यावर टाकी गार होतेय आणि खाली एक मुलगा मोठ्या निष्ठेने जाळी धुतोय.

धुणं: कॉस्टिक हा चारांतला एक

धुण्यात चार गोष्टी असतात: वेळ, तापमान, तीव्रता आणि प्रवाह. हाताशी सर्वांत सोपी असते तीव्रता, म्हणून सगळे तीच वाढवतात. मी प्रवाहापासून सुरुवात करतो. पाइपमध्ये सेकंदाला साधारण दीड मीटरचा वेग हवा. जाड पाइपला बारीक पंप जोडला की कॉस्टिक तळातून ओघळत जातं आणि वरचा अर्धा पाइप कोरडा राहतो. तापमान टाकीवर मोजू नका, परतीच्या पाइपवर मोजा. पाठवताना ८० अंश असलेलं कॉस्टिक लांब लाइनमधून फिरून ६० वर आलेलं मी बघितलंय, आणि नोंदवहीत मात्र रोज ८० लिहिलेलं. एक ते दीड टक्का कॉस्टिक पुरतं. मधूनमधून आम्ल फिरवलं नाही तर दुधातल्या क्षारांचा पांढरट थर बसतो आणि त्याखाली जंतू सुखाने राहतात.

आणखी एक चूक, तीही सज्जन माणसांकडून होणारी. पेरॲसिटिक आम्लाने निर्जंतुक केल्यावर ‘रसायन राहायला नको’ म्हणून वरून साध्या पाण्याने खळबळून घेतात. ते पाणी ज्या टाकीतून येतं ती वर्षात एकदा धुतलेली असते. निर्जंतुक केलेल्या लाइनला शेवटचा स्पर्श त्या पाण्याचा. शेवटी पाणी फिरवायचंच असेल तर ते प्रक्रिया केलेलं आणि तपासलेलं असायला हवं.

पाक आणि फळांचा गर

साखरेचा पाक घट्ट असला की त्यात काही वाढत नाही, हा समज अर्धाच खरा. गरम पाक टाकीत गार होताना झाकणाच्या आतून वाफेचे थेंब ठिबकतात आणि पाकाच्या वर पातळ पाण्याचा पापुद्रा तयार होतो. खाली घट्ट पाक, वर जेमतेम गोड पाणी. यीस्टला याहून चांगली जागा मिळणार नाही. ढवळणी बंद असलेल्या टाकीत वरून नमुना घ्या आणि तळातूनही घ्या, फरक दिसेल. फळांच्या गराचा डबा जोडण्याची कपलिंग चिकट असेल तर तीच उत्तर असू शकते. आणि झायगोसॅकरोमायसेस कुळातलं यीस्ट गरातून आलं असेल तर सॉर्बेट किंवा बेंझोएट या परिरक्षकांच्या भरवशावर राहू नका. त्या कुळातल्या काही जातींवर नेहमीच्या मात्रेत त्यांचा फारसा परिणाम होत नाही.

बॅचच हळू चालली तर

बाटली फुगायच्या आधीच कधीकधी सूचना मिळते: पीएच नेहमीच्या वेळेत ४.६ वर येत नाही. याकडे फक्त ‘उशीर’ म्हणून पाहू नका. आम्ल यायला उशीर होतो तितका वेळ कोलीफॉर्मना आणि पाश्चरायझेशनमधून वाचलेल्या बॅसिलस सेरियसच्या बीजाणूंना मोकळं रान मिळतं. चाळीस अंशांच्या वरची ऊब आणि उदासीन दूध. त्यांना आणखी काय हवं?

कारणं मुख्यतः तीन: दुधातले प्रतिजैविकांचे अंश, धुण्याच्या रसायनांचे अंश आणि बॅक्टेरियोफाज (जिवाणूंना मारणारे विषाणू, थोडक्यात फाज). आलेख बघून अंदाज येतो. प्रतिजैविक किंवा रसायन असेल तर बॅच सुरुवातीपासूनच मरगळलेली असते. फाज असेल तर ती बऱ्याचदा छान सुरू होते आणि मध्येच, पीएच ५.२-५.३ वर असताना, पाय रोवून थांबते; तोवर फाजने पेशी फोडून स्वतःची संख्या वाढवलेली असते.

खात्री करायची तर अडकलेल्या बॅचची निवळी (सुटलेलं पाणी) ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. जिवाणू अडकतात, फाज पलीकडे जातो. ज्या दुधात प्रतिजैविक नाही याची खात्री आहे अशा दुधाचे दोन भाग करा, दोन्हीत तेच विरजण, एका भागात थोडी गाळलेली निवळी. निवळीचा भाग अडकला की दोषी निवळीत आहे. आता तेच दुसऱ्या जातीच्या विरजणाने करून बघा. नवं विरजण त्याच निवळीसह नीट चाललं तर तो फाज, कारण फाज जात बघून पकडतो. प्रतिजैविक इतकं निवडक नसतं.

फाज ठरला तर विरजण बदलून बदलून वापरा, निवळी किंवा पेय सांडलेलं असेल तिथे आधी धुवा, आणि विरजण घालण्याच्या जागेपासून निवळीचे तुषार लांब ठेवा. ७२ अंश आणि १५ सेकंदांनी फाज संपतो असं समजू नका. काही फाज ९० अंशाला काही मिनिटं ठेवूनही पुरते मरत नाहीत. पेरॲसिटिक आम्ल आणि क्लोरीन त्यांच्यावर चालतं, पण स्वच्छ पृष्ठभागावर.

थोडक्यात आटपण्यासारखं

कोलीफॉर्म तपासायचे तर ताज्या बाटलीत तपासा. आम्लात ते हळूहळू मरतात, त्यामुळे आठवड्याने घेतलेला ‘शून्य’ म्हणजे निर्दोष असल्याचा दाखला नव्हे. ताज्या बाटलीत सापडले तर धुणं किंवा हात.

पृष्ठभागावर बुरशीचे ठिपके असतील तर झाकणं, पुठ्ठ्याच्या पेट्या आणि हवा. पुठ्ठा भरण्याच्या खोलीत नेणं बंद करा, निम्मं काम होतं.

चव कडू, वायू नाही, प्लेटा स्वच्छ, असं असेल तर जिवंत जंतू शोधू नका. कच्चं दूध फार दिवस गार ठेवलं की स्यूडोमोनास वाढतात. ते तापवल्यावर मरतात, पण त्यांची प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) टिकून राहतात आणि बाटलीत काम चालू ठेवतात. दूध किती तास थांबलं ते बघा.

नुसता आंबटपणा वाढत असेल, पीएच ४ च्याही खाली गेला असेल, तर ते आपलंच विरजण, बहुधा त्यातला लॅक्टोबॅसिलस. थंड करायला उशीर झाला किंवा साठवण गरम आहे. याला संसर्ग समजून टाक्या घासणारे लोक खूप आहेत.

प्लेटा कशा लावायच्या

या पेयात एकूण जिवाणूंची संख्या मोजणं निरर्थक आहे. विरजणाचेच जिवाणू ग्रॅममागे कोटींनी असतात. यीस्ट आणि बुरशीसाठी क्लोरॅम्फेनिकॉल घातलेलं माध्यम वापरा, म्हणजे जिवाणू दबतात, आणि प्लेट पंचवीस अंशाला पाच दिवस ठेवा. तिसऱ्या दिवशी कोरी आहे म्हणून फेकून देऊ नका.

नमुने एकाच दिवशी, एकाच प्रवाहाचे, ओळीने घ्या: पाश्चरायझरनंतर, आंबवण संपल्यावर, कूलरच्या पुढे, साठवण टाकीतून, पहिली बाटली, मधली, शेवटची. जिथे शून्याचा आकडा होतो तिथून मागच्या नमुन्यापर्यंतचा पाइप सुटा करायचा. ग्रॅममागे एक यीस्टसुद्धा माझ्या लेखी जास्तच आहे, म्हणून एक मिलिलिटरची एक प्लेट लावून समाधान मानू नका, दहा मिलिलिटर तीन-चार प्लेटांत विभागून लावा. सोबत त्याच बाटल्यांतल्या काही पंचवीस अंशाला पाच दिवस उभ्या ठेवा. यंत्रसामग्री नसलेल्या छोट्या प्लांटला एवढीच चाचणी पुरेशी बोलकी आहे.

परत आलेला किंवा उरलेला माल पुढच्या टाकीत ओतायची पद्धत असेल तर वरचं सगळं करून उपयोग नाही. शोध संपेपर्यंत ती थांबवा.

मुक्काम सापडला असं वाटलं तरी लगेच जाहीर करू नका. बिघाड तीन आठवड्यांनी परत येत असेल तर सहा आठवडे, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्या, रोजच्या पहिल्या बाटलीची प्लेट लावत राहा. आम्ही लावल्या. चौथ्या आठवड्यात एका प्लेटवर दोन कॉलनी आल्या आणि सगळ्यांचे चेहरे पडले. शोधल्यावर पलीकडच्या युनियनमध्ये तसंच जाड गॅस्केट निघालं, त्याच खरेदीतलं. मग स्टोअरमधला उरलेला गठ्ठा आणून मोजला. एकोणीस शिल्लक होती. बाकीची कुठे कुठे बसवली आहेत, हे शोधायला आणखी आठवडा गेला, आणि त्यानंतर फिटरने प्रत्येक युनियनवर गॅस्केट बसवल्याची तारीख रंगाने लिहायला सुरुवात केली.